आमच्या घराचा टप्पा

खोटं मी बोलले, आणि दोनदा बोलले. पहिल्यांदा बोलले तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा फुसाएची लेक कावळघळीत पडलेली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी कीव करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमच्या कोमोदानी गावात बारा घरं उरलीत. डोंगरातल्या वाटा या घरांनी आज्या-पणज्यांपासून वाटून घेतल्यात, प्रत्येक घराला एक टप्पा. पानं लाल व्हायला लागली की एक दिवस सगळे कोयते घेऊन चढतात आणि आपापला टप्पा साफ करतात. संध्याकाळी सभागृहात मुखिया मासुनागा एकेका घराचं नाव वाचतो आणि घराने म्हणायचं, "झालं." बस्स. तपासायला कुणी जात नाही. तपासणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं. ज्याला जमत नाही त्याने टप्पा सोडायचा. मग तो शेजारच्या घराला जातो आणि पुढच्या वर्षीपासून त्या घराचं नाव वाचत नाहीत. आत माणूस असतो, चहा उकळतो, पण घर संपलेलं असतं.

गेली नऊ वर्षं याच वाटांवर शर्यत होते, बावीस किलोमीटरची. ज्या वाटांवर आम्ही पाठीवरून लाकडं वाहिली, तिथे शहरातली दीड-दोनशे माणसं रंगीत बूट घालून हौसेने धापा टाकायला येतात. येईनात का! गावात तेवढीच जाग. त्यामुळे आता टप्प्यावर गवत कापायचं आणि शिवाय धावणाऱ्यांसाठी झाडांना फिती बांधायच्या. शर्यतीला गुलाबी, तोडायच्या झाडांना पिवळी, हा मासुनागाचा नियम.

आमचा टप्पा वाटसरूंना सांभाळणाऱ्या जिझोदेवाच्या मूर्तीपासून वरच्या धारेपर्यंत. माझा नवरा योशिहारु होता तोवर त्या वाटेवर एक काटकी सापडायची नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला. या वसंतात आमचे देवदार विरळ करायचे ठरवले आणि तोडायच्या झाडांना मी फिती बांधल्या. घरात शर्यतीच्या गुलाबी फितीचं अख्खं रीळ पडलेलं. पिवळीसाठी खाली ऑफिसात कोण तंगडतोड करणार? गुलाबीच बांधल्या. म्हटलं, शर्यतीच्या आत तोडणारे येतील, झाडांबरोबर फितीही जातील. तोडणारे आलेच नाहीत. धारेच्या फाट्यावरून खरी वाट उजवीकडे जाते आणि माझी झाडं डावीकडे, उतारावर, थेट कावळघळीपर्यंत.

साफसफाईच्या दिवशी मी जिझोपर्यंत चढले आणि उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. बसले. रडले पण, उगाच कशाला लपवू. खालच्या सडकेवरून दिसतो तेवढा भाग कापला, तेवढ्याच फिती बांधल्या आणि काठी टेकत उतरले. वर कमरेएवढं बांबूगवत माजलेलं, ते तसंच राहिलं. संध्याकाळी मासुनागाने आमच्या घराचं नाव वाचलं, "ओगुरा?"

"झालं," मी म्हणाले.

शेजारी फुसाए बसली होती. आम्ही दोघी एकाच वसंतात सुना होऊन या गावात आलो, चाळीस वर्षांचं अगंतुगं. तिने कोपराने ढोसलं. "बघा ही किनुए म्हातारी! आम्ही दोघी मायलेकी दिवसभर कापत होतो, आणि ही एकटी करून मोकळी."

"तुझ्यासारखी गप्पा मारत कापत नाही मी," मी म्हणाले. ती हसली, मीही हसले.

चिआकी ही तिची एकुलती एक. बारा वर्षं ओसाकात नोकरी करून परत आलेली, रोज सकाळी डोंगरात पळणारी. शर्यतीच्या आदल्या दिवशी कुणीतरी अख्खी वाट पळून बघतं. यंदा ते काम तिने घेतलं. सकाळी नऊला निघाली, बाराच्या आत येणार होती. आम्ही बायका सभागृहात दुसऱ्या दिवसाचे भाताचे गोळे वळत होतो. बाहेर धुकं उतरलं होतं. एक वाजला तरी तिचा पत्ता नाही, फोन लागेना.

मासुनागा आत आला. "धुक्यात चुकली असेल. कुठल्या टप्प्यावर फिती कमी-जास्त आहेत का? आत्ताच सांगा, कुणी काही म्हणणार नाही."

एकेक घर बोललं. झाल्या आहेत. नीट आहेत. माझी पाळी आली. हातात गरम भात होता, तो चटके देत होता आणि मी तो सोडत नव्हते. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. ती पोर फाट्यावर कशी थांबली असेल, उजवीकडे गवताचं रान आणि डावीकडे साफ देवदार, त्यांवर एकामागोमाग एक गुलाबी फिती. सगळं कळलं होतं हो!

"ओगुराचा टप्पा?"

"नीट आहे," मी म्हणाले.

"किनुएच्या टप्प्यावर वेळ घालवू नका," फुसाए म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "तिथे कुणी चुकणार नाही. तुम्ही ओढ्याकडची बाजू बघा."

माणसं ओढ्याकडे गेली, अगदी उलट्या दिशेला. आणि मी गोळे वळत राहिले. एक तास. फुसाए शेजारी मीठ लावत होती, दोन-दोनदा लावत होती. मनात एकच घोळत होतं: आत्ता बोलले तर योशिहारुच्या घराचं नाव पुढच्या वर्षी वाचणार नाहीत. जळो ती अक्कल! पोर मरते की जगते आणि मी मेलेल्या नवऱ्याचं नाव सांभाळत बसले होते.

शेवटी उठले. पण तेव्हाही खरं बोलले नाही. म्हणाले, "माझं मन सांगतंय, कावळघळ बघा. मी वाट दाखवते."

"तुझा गुडघा?" मासुनागा म्हणाला.

"गुडघ्याला घाल चुलीत. चल."

कशी चढले ते मला विचारू नका. फाट्यापर्यंत मासुनागा आणि अग्निशमन दलाचे दोघे माझ्या पुढे होते, गवत दोन्ही हातांनी बाजूला सारत. धुक्यात आणि घाईत कुणी काही बोललं नाही. मी डावीकडे बोट दाखवलं. थोड्या वेळाने खालून हाक आली, "सापडली! जिवंत आहे!"

डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि अंग गारठून ओठ निळे पडले होते. मला पाहून ती म्हणाली, "काकू, तुम्ही आलात?" मी माझा कोट तिच्यावर घातला.

स्ट्रेचरवरून तिला वर नेलं, डोकं चढाकडे, पाय उताराकडे. मी मागे राहिले. माणसांच्या पाठी माझ्याकडे होत्या, म्हणून एकेका झाडाची फीत ओढून काढली आणि खिशात कोंबली. एकूण एक काढली.

शर्यत रद्द झाली. दोनशे माणसांचं जेवण वाया गेलं, वर्षभराची मेहनत पाण्यात. गावात मात्र माझं कौतुक. मोडका गुडघा घेऊन चढली, पोरीचा जीव वाचवला. मासुनागाने तर सभागृहात सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. आणि पोरीबद्दल? बेफाम पळते, वाट सोडून गेली, शहराचं वारं. डॉक्टर म्हणाले, चालेल. पळण्याचं त्यांना विचारू नका.

आठव्या दिवशी फुसाए माझ्या दारात आली. आमच्याकडे घरच्या माणसामुळे गावाला त्रास झाला की घरोघरी जाऊन माफी मागायची असते. अंगावर काळा किमोनो, हातात चेस्टनटच्या मिठाईचा खोका. उंबऱ्याच्या आत आली, जमिनीवर गुडघे टेकले आणि कपाळ टेकवलं.

"माझ्या मुलीमुळे तुम्हाला फार त्रास झाला," ती म्हणाली. "कृपा करून माफ करा."

तुम्हाला! चाळीस वर्षांत तिने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आणि मी काय केलं? खोका घेतला. म्हणाले, "उठ गं. तरुण पोरं, पाय घसरतो एखादा. जपून पळ म्हणावं."

फुसाए उठली. गुडघ्यावरची माती झटकली. "पळ म्हणावं?"

मी खोका बाजूला ठेवला.

"चिआकीने पाहिलं तुला. स्ट्रेचरवर तिचं तोंड मागेच होतं. फिती काढत होतीस."

"तुला माहीत होतं? आणि तरी तू दहा घरी..."

"दहा घरी डोकं टेकवलं. एकानेही म्हटलं नाही की पोरीची चूक नसेल. तुझं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. म्हटलं, किनुए आहे ती, मी वाकायच्या आधीच बोलेल." तिने खोक्याकडे बघितलं. "तू हात पुढे करेपर्यंत वाट पाहिली मी."

मी रडायला लागले. तिची बाही धरली. "थांब, मी येते. तुझ्याबरोबर दहाही घरी येते, सगळ्यांना सांगते, माझ्या फिती होत्या म्हणून."

तिने बाही सोडवून घेतली. "मी एकटी गेले होते," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी पेटीतून माझा काळा किमोनो काढून अंगावर चढवला, काठी घेतली. मासुनागाचं घर सगळ्यांत वर आहे, तिथून सुरुवात केली. दार त्याच्या बायकोने उघडलं. "अगंबाई, किनुएवहिनी! एवढं चढून कशाला आलात त्या गुडघ्याने? अहो ऐकलंत का, या बघा, आपल्या चिआकीला वाचवणाऱ्या!"

मी उंबऱ्यातच गुडघे टेकले.