ओल्या ओसरीवरची पावलं

आकांक्षाला डच भाषेतल्या एका क्रियापदानं अगदी जेरीस आणलं होतं. ब्लेइव्हन, म्हणजे राहणे. इक ब्लेइफ, मी राहते. वेइ ब्लेइव्हन, आम्ही राहतो. इथवर ठीक. भूतकाळात मात्र त्याचं ब्लेफ होतं आणि पुढे खब्लेव्हन, त्यातला ‘ख’ तर घसा खरवडूनच काढावा लागतो. मागे उरणे, थांबणे, एखादी गोष्ट करतच राहणे, सगळं त्यातच. मोबाइलवर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, फार पूर्वी त्याचा अर्थ होता चिकटणे. आपलं लिंपणं त्याच्याच भावकीतलं. बाई हौसेनं सांगत होत्या आणि इकडे हिच्या डोळ्यांत पाणी. हसनाबादच्या घरात लिंपणारी माय आता एकटीच मागे राहणार होती.

नवरा सुमित तिकडे डच मुलखात काचेच्या घरांमध्ये भाज्यांचं बियाणं तयार करण्याच्या कामावर. मुंबईतली डचची परीक्षा पास झाल्याशिवाय आकांक्षाला त्याच्याकडे जाता येणार नव्हतं. वडील गेल्यापासून मायलेकी एका ताटात जेवलेल्या. पण परीक्षेचं नाव काढलं की माय, द्वारकाबाई, तोंड फिरवायची. तिच्या तोंडून एक ‘जा’ निघेल तर शपथ! आकांक्षाला तिचा राग यायचा, आणि नापास झाले तर सुटले, असंही वाटायचं.

परीक्षेसाठी मुंबईला निघायच्या सकाळी मायनं लेकीच्या हातावर दही ठेवलं. जीपमध्ये बसल्यावर आकांक्षाच्या लक्षात आलं, परीक्षेला दाखवायचा पासपोर्ट घरातच देवळीत राहिला. निघालेल्या माणसानं माघारी फिरू नये, पण करते काय! ड्रायव्हरला थांबायला सांगून ती पळत घरी आली.

दारातच ती थांबली. माय ओसरी शेणानं सारवत होती. माणूस गावाला निघालं की मागे लगेच घर झाडतसुद्धा नाहीत. असं सारवतात ते मयत उचलल्यावर.

“मी मेले का, माय?” आकांक्षा ओरडली. “माझ्या मागं सारवून राह्यलीस?”

मायनं मान वर केली नाही. “तुझी पावलं दिसून राह्यली व्हती दारात. तशीच ऱ्हायली असती, तं मीच फोन करून म्हनले असते, ये माघारी. तू आली बी असतीस.”



“पासपोर्ट राह्यला आत,” ती कशीबशी म्हणाली.

“ओलं हाय.”

“मंग उडत जाऊ का?”

चपला काढून ती आत गेली आणि आली. ओसरीभर तिची पावलं उमटली. मायनं पुसायला हात उचलला, तो तसाच राहिला.

“जा आता जल्दी,” माय म्हणाली. “गाडी थांबायची न्हाई.”

जीप जालन्याकडे निघाली. तळपायाला लागलेलं शेण वाळून ओढत होतं. आकांक्षा मनातल्या मनात रूपं म्हणू लागली. ब्लेइफ, ब्लेफ, खब्लेव्हन. सगळी बरोबर आली. आता नापास होण्याचीही आशा उरली नव्हती, आणि भरल्या जीपमध्ये ती हुंदके देऊन रडली.