चाळीस खुर्च्या

मन्सूरा शहरातल्या त्या अरुंद गल्लीत मांडववाल्या उस्ताद बयूमीने दोनदा पावलं मोजली आणि मान हलवली.

"इन्शिराहबाई, पावलाला एक खुर्ची, दोन्ही भिंतींशी ओळी, मधे नाचणाऱ्यांना जागा. तुमच्या रीहामच्या लग्नाला साठ माणसं येतील. इस्त्रीवाल्याच्या दुकानाशी मांडव संपला."

"शंभर येणार."

"कुठून? मुलीची आई सांगते त्यातला चौथा हिस्सा मी नेहमी कापतो. साठ हा माझा कापून झालेला आकडा नाही, खराच आहे."

"व्याही मंडळी अंगाने भरलेली आहेत. एकेकाला दोन खुर्च्या लागतील!"

बयूमी हसला नाही. साठांवर थांबलं तर कनात नेमकी बाईंच्या थोरल्या बहिणीच्या, अफकारच्या दाराअलीकडे पडणार होती आणि सख्ख्या मावशीला भाचीच्या लग्नाची नुसती पाठ दिसणार होती. शंभर धरले तर अफकारचं दार मांडवाच्या आत. बाईंचं गणित त्याने तेव्हाच ओळखलं.

नऊ वर्षांपूर्वी इन्शिराहची आई गेली तेव्हाही मांडव बयूमीचाच होता. मयताला आमंत्रणं नसतात, अंदाज दुप्पट धरा, असं तो कानीकपाळी ओरडला होता. म्हातारीला कोण ओळखतंय, चाळीस खुर्च्या पुरे, असं इन्शिराह म्हणाली. आई सुईण होती. तिच्या हातांवर जन्मलेले बाप्ये कडू कॉफीचे पेले घेऊन भर उन्हात ताटकळले. "आईला तू चाळीस खुर्च्यांएवढी केलीस," असं म्हणून थोरल्या बहिणीने दार लावून घेतलं, ते आजतागायत.

पाच घरांपलीकडून बहिणीचा खोकला ऐकू यायचा. रमजानात तिच्या फोडणीतल्या लसणाचा वास वाऱ्यावर यायचा आणि इन्शिराहचा घास हातातच राहायचा. लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, पण इन्शिराहचा जीव बहिणीपाशी अडकला होता.

"दार मांडवात घ्यायचं तर दोर त्यांच्याच खिडकीला बांधायला हवा," बयूमी म्हणाला. "आणि गाठ घरच्यानेच मारायची. हा माझा शिरस्ता आहे."

"मग विचारा ना तुम्ही."

"दोर मी धरतो. बोलायचं तुम्ही."

दोघं खिडकीखाली येऊन उभी राहिली. इन्शिराहने हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात अर्ध्या उघड्या झडपेतून आवाज आला.

"उस्ताद, तिला विचारा, शंभर माणसं कोण येणार आहेत तिच्याकडे? साठ आली तरी डोक्यावरून पाणी! उरलेल्या जागेत काय गाढवं बांधणार?"

म्हणजे ती सगळं ऐकत होती. इन्शिराहच्या डोळ्यांना धार लागली.

"तिला सांगा," ती बयूमीलाच म्हणाली, "तेव्हा माझं चुकलं. आईसाठी मी जागा कमी धरली. या वरच्या चाळीस खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील मला. फक्त एक भरायला हवी."

 बयूमीने दोर वर धरला होता, त्याचा खांदा भरून आला.

मग गजांतून एक हात बाहेर आला आणि त्याने दोर ओढून घेतला. नऊ वर्षांत तो हात थेट आईच्या हातासारखा झाला होता, तसाच सुकलेला, बोटांच्या पेरांशी सुजलेला. इन्शिराहला तो धरावासा वाटला, पण तोवर दोन गाठी मारून तो आत गेलासुद्धा.

"उस्ताद," आतून आवाज आला, या वेळी जरा घोगरा. "त्या कोपऱ्यातला खांब दोन पावलं पुढे घ्या. माझं दार बाहेरच्या बाजूला उघडतं."