आठ दिवसांची ट्यूब

पिंपरी पेंढारच्या सुभाषची मोटारसायकल वीस वर्षांची, तारांच्या चाकांची. त्याची बायको उज्ज्वला रोज पहाटे साडेपाचला त्याच गाडीवरून आळेफाट्याच्या एका दवाखान्यात कामाला जायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि उसात बिबट्या. नुकतंच त्यानं वस्तीवरचं वासरू नेलं होतं. तशातच त्या रस्त्यावर मागच्या चाकातली हवा दोनदा गेली. आता ट्यूबलेस टायरच घालायचे, असं सुभाषनं ठरवलं.

आळेफाट्याचा सयाजी मेस्त्री वयस्कर माणूस, पण समजावून सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ट्यूबला खिळा लागला की हवा एका दमात जाते, माणूस आहे तिथं अडकतो. ट्यूबलेसमधून ती हळूहळू जाते, तेवढ्यात घर गाठता येतं, हे त्यानं कबूल केलं. मग चाक फिरवून दाखवलं. प्रत्येक तारेपाशी रिमला भोक, ट्यूब नसली तर हवा तिथूनच निघून जाणार. ट्यूबलेस हवेत तर बिनतारांची, ओतीव मॅग व्हील लागणार. ती पुण्याहून यायला आठ दिवस.

"तवर नवी ट्यूब टाकू," तो म्हणाला. "हिला चार पॅच झालेत. पाचवा किती टिकंल, सांगता येत न्हाई."

"आठ दिवसांसाठी नवी कशाला, मेस्त्री? नंतर काय गळ्यात घालू?" सुभाष हसला.

सयाजीनं पाचवा पॅच मारून दिला.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी उसाच्या कडेला सापडली. स्टँड नीट लावलेला, मागचं चाक बसलेलं. उज्ज्वलाला शोधायला गावानं अर्धा एकर ऊस पाडला. ती सापडली, पण घरी आणण्यासारखी नव्हती.

दहावं झाल्यावर सुभाष गाडी टेम्पोत घालून सयाजीकडे आला. नवा काटा लागला असेल, तर नवी ट्यूबही तशीच बसली असती. त्याला एवढंच पाहायचं होतं.

"कशाला, भाऊ?" सयाजी म्हणाला.

"बुडवा."

सयाजीनं ट्यूब काढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात हळूहळू फिरवली. एका जागी हात थांबला. तिथं अंगठा दाबून तो म्हणाला, "नवा काटा हाय. कंची बी ट्यूब असती तरी गेली असती."

सुभाष वाकून पाहत होता. मेस्त्रीच्या अंगठ्याखालून नव्या पॅचची कड दिसत होती, आणि तिथून बुडबुडे येतच होते.