वांझेची सही

किएनच्या आजोबांच्या वर्षश्राद्धाला अख्खी भावकी जमली होती. पुरुष पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर चटयांवर, बायका स्वयंपाकघरात. किएनची बायको थोआ उकडलेल्या कोंबडीचं ताट घेऊन बाहेर आली. सुयांनी काळंनिळं पडलेलं पोट वाकताना दुखत होतं. गुरुवारी हनोईच्या दवाखान्यात तिच्या पोटात गर्भ सोडायचा होता. ही चौथी खेप.

"विषारी झाडाला फळ नाही न् विषारी बाईला पोर नाही," सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सासू म्हणाली.

थोरल्या काकांनी हसत किएनकडं पाहिलं. "दुसरी बघ रे किएन. तिला पोरगा झाला की आण घरी."

किएननं पेला भरला. बीज त्याच्यात नव्हतं. गर्भ दात्याच्या बीजाचे होते. 'पुरुषाची अब्रू असते' म्हणत त्यानं तीन वर्षं बायकोचं तोंड शिवून ठेवलं होतं.

थोआनं ताट खाली ठेवलं. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

त्यानं पेला तोंडाला लावला.

"दोष यांच्यात आहे, काका. दवाखान्याचा कागद आहे माझ्याकडं."

सासूनं तिचा दंड धरून तिला आत ओढलं.

"मला नवीन सांगतेस?" ती दात खाऊन म्हणाली. "सोळाव्या वर्षी त्याला गालगुंडं झाली, ती खाली उतरली. याला पोर होणार नाही, हे डॉक्टरनं तेव्हाच सांगितलेलं."

"मग वांझ मला का म्हणता?"

"कुणाला तरी म्हणावंच लागतं. पोटच्या पोराला म्हणू?"

थोआनं तिथंच दवाखान्याला फोन लावला. "गुरुवारचं रद्द करा. माझी संमती नाही."

किएन दारात आला. "माझ्या नावावर आहेत ते गर्भ."

"बीज परक्याचं, सुया मला, शिव्या मला. तुमचं नुसतं नाव. ते घेऊन बसा."

त्याच दुपारी ती स्कूटरवरून बहिणीकडं निघून गेली. काकांनी, सासूनं निरोपावर निरोप धाडले. एकालाही तिनं उत्तर दिलं नाही.

चार महिन्यांनी घटस्फोटाचे कागद आले. कारणाच्या रकान्यात किएननं लिहिलं होतं, 'पत्नीला मूल होत नाही.' कोर्टात दोघं समोरासमोर बसली, तेव्हा कारकुनानं तिच्यापुढं पेन केलं. "करा सही, मिटवून टाका."

"ती ओळ आधी खोडायला सांगा त्याला."

किएननं अर्धा तास घेतला. खोडली. मग थोआनं सही केली.