तळ्यातले कटले

लक्ष्मीकांत गुप्ते यांनी नोकरीची सगळी वर्षं एका रासायनिक कारखान्यात पाणी निवळवण्यात घालवली होती. पाणी बिघडलं की कशात काय किती टाकायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्तीनंतर ते शहराच्या कडेला, हरणीच्या एका सोसायटीत राहायला आले. सोसायटीच्या मागच्या अंगाला एक जुनं तळं होतं आणि त्याच्याकडे बघायला दुसरं कोणी रिकामं नव्हतं. तेव्हा तळं त्यांच्याकडे आलं.

तळं तेव्हा चांगलं होतं. काठावर उभं राहिलं की पाण्याखालच्या पायऱ्या दिसत. तक्रार एकच. सोसायटीचे सेक्रेटरी हार्दिकभाई यांनी एकदा काचेच्या ग्लासात ते पाणी घेतलं, उजेडात धरलं, आणि त्यात पांढुरके ठिपके टुणटुण उड्या मारताना त्यांना दिसले.

"काका, आमां तो जीवडां छे," ते म्हणाले.

लक्ष्मीकांतरावांच्या पाण्यात आजवर कोणी जिवडे काढले नव्हते. त्यांनी चौकशी केली. कटला मासा पाण्याच्या वरच्या थरातलं बारीकसारीक सगळं गिळतो, असं मत्स्यबीज विकणाऱ्यानं सांगितलं. त्या पावसाळ्यात त्यांनी कटल्याची पिल्लं पिंपातून आणवून तळ्यात सोडली.

त्यांची मुलगी मोहना विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत होती आणि तिचं संशोधन तळ्यांतल्या नेमक्या याच उड्या मारणाऱ्या जिवांवर होतं. तिला विचारावं, असं त्यांच्या मनात आलं नाही. तिनं केमिकल इंजिनीअर व्हावं ही त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, तेव्हापासून ते लोकांना "मुलगी विद्यापीठात असते" एवढंच सांगत, जणू ती तिथे राहायला होती.

कटले वाढले. ग्लासातले जिवडे नाहीसे झाले. सोसायटी खूश झाली. तळमजल्यावरच्या अहल्याबाई, ज्यांचं सगळं आयुष्य जुन्या शहरातल्या घडियाळी पोळाच्या दाट वस्तीत गेलं होतं आणि ज्यांना हरणीत करमत नव्हतं, त्या रोज सकाळी माशांना पोळीचे तुकडे घालू लागल्या. सगळ्यात मोठ्या कटल्याचं नाव त्यांनी श्रीपतराव ठेवलं. तो सावकाश वर यायचा आणि कोणाकडेही न बघता खायचा. त्यांचे थोरले दीर असेच जेवत. अहल्याबाईंचं बघून बाकीचेही फाफडा, गाठिया, उरलेला भात आणू लागले. रविवारी तर काठावर जागा मिळेना.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं. आधी जरासं, मग मेथीच्या भाजीसारखं. लक्ष्मीकांतरावांनी तुरटी मारली. आठवडाभर पाणी निवळलं आणि पुन्हा हिरवं झालं. त्यांनी तुरटी वाढवली. हिरवेपणा पूर्वीपेक्षा लवकर परतला. पायऱ्या आता पहिलीपासूनच दिसेनाशा झाल्या होत्या.

शेवटी त्यांनी मोहनाला फोन केला आणि तब्येत, सासरची मंडळी, तिच्या नागरवाड्यातली पार्किंगची अडचण असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "तुला वेळ असला तर तळं बघून जा. घाई नाही."

ती दुसऱ्याच दिवशी स्कूटरवरून आली. तिच्याकडे गाळणीच्या आकाराचं, अगदी झिरझिरीत कापडाचं जाळं होतं. ते तिनं पाण्यातून ओढलं, खाली लावलेल्या बाटलीत बघितलं आणि विचारलं, "बाबा, मासे कधी सोडलेत?"

"माशांचा काय संबंध? शेवाळाचं बोल."

"शेवाळाचंच बोलतेय. उड्या मारणारे ते जिवडे म्हणजे पाणपिसवा. शेवाळ चरणारी गुरं समजा. तुम्ही कुरणात वाघ सोडलेत. वाघांनी गुरं खाल्ली, गवत माजलं."

"वाघ," लक्ष्मीकांतराव म्हणाले. त्या वेळी श्रीपतराव वर येऊन गाठिया खात होता.

"वर त्यांना खायला घालताय. ते कुजतं, त्याचं शेवाळाला खत होतं. त्यात उन्हाळे वाढलेत. कोमट पाण्यात शेवाळ आणखी फोफावतं."

"मग आणखी तुरटी..."

"तुरटीनं शेवाळ खाली बसतं. खत तळातच राहतं. तुमच्या प्लांटमध्ये खालचा गाळ उपसत होतात ना?"

गाळ उपसत होते, ही गोष्ट खरी होती.

मोहनानं पिशवीतून एक बरणी काढली. दुसऱ्या कुठल्याशा तळ्यातल्या पाणपिसवा तिच्यात होत्या. तिनं थेंबभर पाणी काचपट्टीवर घेऊन भिंग त्यांच्या हातात दिलं. लक्ष्मीकांतरावांनी चष्मा काढून डोळा लावला. काचेसारखं पारदर्शक अंग, आत पाठीशी अंड्यांची जुडी, आणि तिच्या वरच्या बाजूला काहीतरी भराभरा फडफडत होतं.

"हे काय हलतंय?"

"हृदय."

ते बराच वेळ भिंग लावून उभे होते. मग त्यांनी चष्मा चढवला आणि विचारलं, "हेच तू इतकी वर्षं बघतेस?"

"हेच. आणि त्या कुठल्या तळ्यांतून कमी होतायत, ते."

उपाय सोपा होता. मासे काढायचे. सोसायटीच्या सभेत तो सांगितल्यावर मात्र सोपा राहिला नाही. लक्ष्मीकांतरावांनी गुरं, वाघ, गवत हे सगळं मोहनाच्याच शब्दांत मांडलं. हार्दिकभाईंनी जीवदयेचा प्रश्न काढला. अहल्याबाईंनी एवढंच विचारलं, "काढून कुठे नेणार? गुप्त्यांच्या घरी मासा ताटाखेरीज कुठे बघितलेला नाही मी." सभा हसली. विषय पुढच्या सभेवर गेला.

पुढची सभा झालीच नाही. मे महिन्यात एक रात्र ढगाळ आणि कोंदट गेली. पहाटे फिरायला निघालेल्या लक्ष्मीकांतरावांना तळ्यावर माशांची तोंडंच तोंडं दिसली. सगळे वर येऊन हवा गिळत होते. रात्रभर शेवाळानंच पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला होता. त्यांनी मोहनाला फोन लावला.

"पाणी हलवा," ती म्हणाली. "पंप लावा, पाणी उंचावरून पाडा, जमेल ते करा. मी निघते."

त्यांनी बागेचा पंप तळ्यात टाकला आणि नळी हातात धरून ते पायजम्यानिशी कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. हार्दिकभाई बादलीनं पाणी उचलून परत ओतत होते. अहल्याबाई काठावरून कोणता मासा कुठे उलटा झालाय ते सांगत होत्या. मोहना आल्यावर तीही पाण्यात उतरली. ऊन चढेपर्यंत निम्मेअधिक मासे वाचले. उरलेले पांढरी पोटं वर करून काठाला लागले. श्रीपतराव त्यांच्यात होता. मोठ्या माशांना प्राणवायू जास्त लागतो, हे मोहनानं सांगितलं, पण अहल्याबाईंना नाही, वडिलांना, आणि तेही हळू.

अहल्याबाई पायरीवर बसल्या. लक्ष्मीकांतराव ओल्या पायजम्यातच त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"बाई, चूक माझी. मीच आणले होते."

"तुम्ही आणलेत, मी खाऊ घातलं," त्या म्हणाल्या. "आता उरलेत त्यांना नीट ठिकाणी पोचवा."

हार्दिकभाईंच्या सासऱ्यांचं सावली गावाच्या बाजूला शेत होतं आणि शेतात मोठं तळं. उरलेले कटले पाण्याच्या टाकीतून टेम्पोनं तिथे गेले. अहल्याबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या आणि मासे तळ्यात पसरल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघून परत आल्या.

"आता काय टाकायचं?" लक्ष्मीकांतरावांनी मुलीला विचारलं.

"काही नाही."

"पाणपिसवा तरी आणून सोडू."

"त्यांची अंडी गाळात वर्षानुवर्षं टिकतात. यायच्या त्या येतील. कोणाला काही घालू देऊ नका, आणि थांबा."

चाळीस वर्षं डोस देण्यात गेलेल्या माणसाला हे औषध फार कडक होतं. ते रोज तळ्यावर जात, हात मागे बांधून उभे राहत आणि परत येत. पावसाळ्यात पाणी मातकट झालं. नवरात्रात थोडं निवळलं. दिवाळीच्या सुमारास तिसरी पायरी दिसू लागली, आणि मोहनाच्या जाळ्यात पाणपिसवा आल्या. पण त्या बारीक चणीच्या होत्या.

"पूर्वीच्या त्या मोठ्या होत्या, त्या नाहीत यात?"

"अजून तरी नाहीत. कदाचित येणारही नाहीत. पाणी आता पहिल्याइतकं थंड होत नाही. बारक्या तगतात, पण त्या चरतात कमी. पूर्वीइतकं स्वच्छ होईलच असं मी सांगत नाही, बाबा."

लक्ष्मीकांतरावांनी मान हलवली. यापूर्वी असं उत्तर देणाऱ्या माणसाला त्यांनी नोकरीवर ठेवलं नसतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी कुठल्या तळ्यावर जाणार आहेस?"

"वाघोडियाकडे. का?"

"बरण्या धरायला कोणीतरी लागत असेल."

"लागतं. पण चिखल असतो."

"बूट आहेत माझ्याकडे. प्लांटचे."

रविवारी सकाळी स्कूटरवर मागे बसला होता एक सत्तरीचा माणूस, मांडीवर बरण्यांची पिशवी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. वाटेत मोहनानं सेव उसळीच्या गाडीशी स्कूटर थांबवली, आणि गाडीवाल्यानं बुटांकडे बघत कुठे निघालात म्हणून विचारलं, तेव्हा लक्ष्मीकांतरावांनी त्याला पाणपिसवा म्हणजे काय, ते उसळ निवेपर्यंत समजावून सांगितलं.