पोस्टरवरचा आकडा

"हा आकडा कुठून घेतलास?" मॅडमनी विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

"तुमच्याच वर्गातून," मुलगी म्हणाली. "गणित घातलं होतंत ना? एक युनिट वीज करायला वीजकेंद्राचा दोन नंबरचा संच आठशे वीस ग्रॅम कोळसा खातो. छापील अहवालात सहाशे ऐंशी आहे. मी आपला खराच घेतला."

पोस्टरच्या मधोमध तळहाताएवढ्या लाल अंकांत तो आकडा उभा होता. सभागृहात टेबलं सरकवली जात होती, कुणीतरी दातांनी चिकटपट्टी तोडत होतं.

मॅडम मुळात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या. विज्ञानाच्या सगळ्या मुलांना शाश्वत विकास आणि ऊर्जेतले बदल हा नवा विषय सक्तीचा झाला, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकाएकी भरपूर कामं आठवली. 'झाडं लावा' विषय, असं त्याचं बारसंही होऊन गेलं. मॅडम त्या मीटिंगला उशिरा पोचल्या आणि विषय त्यांच्या गळ्यात पडला. पण मग त्यांना तो आवडायला लागला. वर्गाच्या खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. अर्ध्या वर्गाचे वडील तिथे कामाला. मॅडमनी पहिल्याच तासाला खिडकीकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हे एक दिवस बंद होणार. आधी कुठला संच, कधी, आणि त्यावर जगणाऱ्या माणसांनी तोवर काय शिकून ठेवायचं?" मुलं जांभया द्यायची थांबली होती.

आता आठशे वीसचं. मॅडमचे यजमान त्याच वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. रात्री जेवताना ते दोन नंबरच्या संचाबद्दल घरजावयाबद्दल बोलावं तसं बोलत. "आज आठशे वीस खाल्ला गं. आणि वर कळवायचा किती? सहाशे ऐंशी!" बायकोला सांगावं, मन हलकं करावं, झोपावं, एवढंच त्यात होतं. पण शिक्षकाला कानावर पडेल त्या आकड्याचं गणित करायची खोड असते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो फळ्यावर लिहिला. पुस्तकातला शिळा आकडा देण्यापेक्षा ताजा बरा, एवढाच त्यांचा विचार. हा आकडा कंट्रोल रूमच्या बाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आणि प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे होते वीजकेंद्राचे मुख्य अभियंते. बाहेर तोंड उघडलं म्हणून त्यांनी नुकतंच एका ऑपरेटरला घरी बसवलं होतं. दुसरा कोण बोलला असेल, हे शोधायला त्यांना फार लांब जावं लागणार नव्हतं. त्याची बायको समोर स्वागताला उभी असणार होती.

"हे बदलावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "सहाशे ऐंशी कर."

मुलीला वर्गात सगळे शंका म्हणत, कारण तिचा हात कायम वर. आताही तो अर्धा वर गेलाच. "पण मॅडम, मग उत्तरच बदलतं. आठशे वीस धरला तर, जास्त कोळसा खाणारा संच आधी बंद या नियमाप्रमाणे, तो तीन वर्षांत बंद करावा लागतो. सहाशे ऐंशीला बारा वर्षं मिळतात. माणसांना नवं काम शिकवणं आत्ताच सुरू करा, हेच तर मला सांगायचंय."

"माझं ऐक."

"माझे बाबा तिथे राखेच्या विभागात आहेत. साहेबांनी लांबूनसुद्धा वाचावं, म्हणून एवढं मोठं लिहिलं."

"मी सांगतेय म्हणून बदल," मॅडम म्हणाल्या. "आणि हे कुणाजवळ बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमचे सर कंट्रोल रूमला आहेत ना?"

मॅडमनी टेबलावरची कात्री तिच्यापुढे सरकवली. मुलीने पांढरा कागद कापला, लाल आकड्यावर चिकटवला आणि वर नवा लिहिला. खालचं गणितही नव्याने केलं. हात वर न करता केलेलं तिचं ते पहिलंच काम असावं.

मुख्य अभियंते आले, एकेका टेबलाशी थांबत पुढे सरकले. ते त्या पोस्टरपाशी वाकले तेव्हा मॅडमना वाटलं, त्या पातळ कागदाखालून तो लाल रंग यांना दिसणार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं होतं.

"वा!" साहेब म्हणाले. "बघा, मुलांनीच सिद्ध केलंय. दोन नंबरला अजून बारा वर्षं धोका नाही! लोक उगाच घाबरवतात कामगारांना. हे पोस्टर आमच्या कॅन्टीनमध्ये लावू या. खाली मुलीचं नाव ठळक लिहा."

फोटो निघाला. मॅडमचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या त्यांना स्वतःची किळस आली. फोटोत मुलगी हसली नव्हती.

त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. ऑपरेटरनी आधी दाराची कडी लागलीय का ते पाहिलं. मग म्हणाले, "बरं केलंस." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरंच केलंस ना?"

भीती काही गेली नाही. दाराची बेल वाजली की दोघं एकमेकांकडे बघत. कॉलेजात शिपाई निरोप घेऊन आला की मॅडमच्या हातातला खडू थांबे. वर्गात शंकाचा हात आता खालीच असायचा. तिला थांबवून काहीतरी बोलावं असं मॅडमना रोज वाटे, आणि रोज तास संपला की त्या वह्या गोळा करून निघून जात.

एका संध्याकाळी बेल वाजली. दारात एक माणूस उभा होता. बुटांवर राख, काखेत हेल्मेट, हातात केळ्यांची पिशवी.

"मी शंकाचा बाबा," तो हसून म्हणाला. "तुम्ही लोक तिला तसंच म्हणता ना? बसत नाही, ड्यूटीवरून थेट आलोय. आभार मानायचे होते. कॅन्टीनमध्ये पोरीचं नाव वाचलं, छाती फुगली बघा."

"अहो, आभार कसले," मॅडम म्हणाल्या.

"कसले म्हणजे? माझ्या साडूने सौर पॅनेलच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. परगावी जायचं, या वयात नवीन काम शिकायचं. जाऊ की नको, झोप उडाली होती. मग पोस्टर वाचलं. बारा वर्षं म्हणजे माझी नोकरी आरामात पार पडते! आणि लिहिलंय कुणी? माझ्या पोरीने. साडूला फोन करून टाकला, दे म्हटलं दुसऱ्या कुणाला जागा. त्याने देऊनही टाकली." त्याने पिशवी पुढे केली. "घ्या ना."

मॅडमनी पिशवी घेतली नाही. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. ऑपरेटर जागचे उठले, रस्त्याकडची खिडकी लावली आणि 'सांग' म्हणून मान हलवली.

"आत या," मॅडम म्हणाल्या. "बसा. तो आकडा खोटा आहे."

माणूस खुर्चीच्या कडेवर टेकला.

"मुलीने खरंच लिहिलं होतं. संच तीन वर्षांत बंद व्हायला हवा. मी तिला बदलायला लावलं. खरा आकडा यांच्याकडून बाहेर पडला होता. मी घाबरले."

माणसाने ऑपरेटरकडे बघितलं. "खरंय," ऑपरेटर म्हणाले.

तो ओरडेल, पिशवी फेकेल, असं मॅडमना वाटलं. त्या त्याची वाटच बघत होत्या. पण तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"पोरीला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि घरी बोलू नको, हेही तुम्हीच सांगितलंत?"

"हो."

"साडूला फोन लावला तेव्हा ती माझ्या शेजारीच जेवत होती," तो म्हणाला. "ताट सारून आत गेली. तेव्हापासून धड जेवत नाही. तिची आई म्हणते, परीक्षेची भीती असेल."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला. पिशवी अजून त्याच्याच हातात होती.

"साडूचं मी बघतो काय ते," तो म्हणाला. "पण मॅडम, एवढं करा. बाबांशी बोललं तरी चालेल, असं तिला तुम्ही येऊन सांगा. तुमचं ऐकते ती."

मॅडमनी चपला पायात सरकवल्या. पट्टा काही केल्या लागेना, तशा त्या खाली बसल्या. ऑपरेटरनी शर्ट चढवला आणि तेही निघाले.