दह्याच्या डब्यातलं रोप

केमोनंतर वीणाच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना, तेव्हा डॉक्टरने मळमळीवर गांजाची चिठ्ठी लिहून दिली. सत्त्याण्णव साल होतं. कॅलिफोर्नियात आजारी माणसाला गांजाचं झाड घरी लावायची नुकतीच मुभा मिळाली होती. शेजारच्या डगने रोप दिलं आणि वर सल्लाही दिला. माती भुसभुशीत हवी, कुंडीला खाली भोकं हवीत आणि बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही.

मी मान डोलावली आणि माझंच खरं केलं. दह्याचे रिकामे डबे आपल्यात कोण फेकतं? मोठ्या डब्यात मागच्या अंगणातली चिकट माती दाबून भरली. कार्पेट खराब होईल म्हणून भोकं पाडली नाहीत. रोज तांदूळ धुतले की ते पाणी रोपाला घालायचो.

वीणा सोफ्यावरून म्हणायची, "अहो, बुडवताय त्याला. जरा एकटं सोडा."

मला संताप यायचा. आजाऱ्याला कुणी एकटं सोडतं का? तिच्याही तोंडाशी मी तासातासाला पेज नेत होतो. ती मान फिरवायची. रोप पिवळं पडलं.

मे महिन्यात वीणा गेली. पुढे तीन आठवडे मी भात लावला नाही.

मग एक दिवस फेकायला म्हणून डबा उचलला. माती बोटभर सुकली होती आणि शेंड्याला चार हिरवी पानं फुटली होती.

मी डबा खिडकीत परत ठेवला. तांदूळ घेतले, सवयीने दोघांचे. धुतले आणि पाणी सिंकमध्ये ओतून दिलं.